फ्रान्सच्या घराचा फॉर्म

शुक्र., ७ नोव्हें.
ऑफर मान्य झाली. म्हणजे फ्रान्समधल्या अशा गावात, जिथे एकच बेकरी आहे आणि तीही सोमवारी बंद, आमचं दगडी घर होणार. खिडक्यांना निळी दारं, मागे अक्रोडाची दोन झाडं, आणि स्विमिंग पूल. नीलने फोटो टीव्हीवर लावून पूलची लांबी काढली. तेरा वर्षांचा आहे, खोल्या किती हे अजून विचारलेलं नाही.

मंदारचे जुने फ्रेंच साहेब रिटायर होऊन त्याच भागात राहतात, त्यांनी घर शोधलं. मी दोन वर्षं नको नको म्हणत होते. पण इथे कतारमध्ये, अल रय्यानच्या भाड्याच्या व्हिलात चौदा वर्षं झाली. नोकरी खलास की व्हिसा खलास, किल्ल्या परत. मं. म्हणतो, "एक तरी जागा अशी हवी, जिथून आपल्याला कुणी जा म्हणणार नाही." आणि खरं सांगायचं तर आज फोटो बघून मलाच हाव सुटली. पडद्यांपर्यंत पोचले.

सोम., १०
नोटरीबाईंकडून फॉर्म आला. सात पानं. तिकडे घराचे कागद नोटरीच करते, आणि सगळं खोदून खोदून विचारते. मं.नं भरून माझ्या सहीसाठी टेबलावर ठेवला. पान तीन : आधीचं लग्न, घटस्फोटाची तारीख. नीट लिहिलंय. पान चार : या किंवा आधीच्या लग्नाची सर्व मुलं. तिथे एकच नाव, नील.

शर्वरी नाही.

मं.च्या पहिल्या लग्नाची मुलगी. एकवीस वर्षांची, कोल्हापूरला आईजवळ असते, आर्किटेक्चर करतेय. मं. भारतात गेला की तिला भेटतो. एक दुपारचं जेवण, बस. नीलला ती आहे हेच माहीत नाही.

सही केली नाही. संध्याकाळी विचारलं, "एकच का लिहिलंस?"

"तूच म्हणाली होतीस ना."

चिडून म्हणाला नाही. चिडला असता तर भांडता तरी आलं असतं. म्हणाले होतेच मी. नील तीन वर्षांचा असताना, मग सात, मग दहा. त्याला शर्वरीचं आत्ता सांगायला नको, थोडा मोठा होऊ दे. आता माझ्याहून चार बोटं उंच आहे.

बुध., १२
माझ्या फिजिओथेरपीच्या क्लिनिकमध्ये गुडघा बदललेली कतारी आजी. दहा वेळा पाय वाकवा म्हटलं की सहाव्याला गप्पा काढते. आज : मुलं किती? माझं नेहमीचं उत्तर, माझ्या मोडक्या अरबीत. नवऱ्याची दोन, माझं एक, असं कधी म्हणत नाही. एक. "बस? होतील, इन्शाल्ला." सत्तेचाळीसाव्या वर्षी! तिला म्हणे नऊ. मागे तिची मुलगी उभी होती, ती हळूच इंग्रजीत म्हणाली, "पाच. चार दुसऱ्या आईची." आजीला कळलं असावं. माझ्याकडे बघून परत म्हणाली, नऊ.

उरलेल्या चार वेळा वाकवायचं राहूनच गेलं.

शुक्र., १४
मेसईदच्या समुद्रावर गेलो. काही बोलायचं असलं की मं. गाडी काढतो. येताना नील मागे, कानांत इयरफोन. मी विषय काढला, दबक्या आवाजात, मराठीत. तो उत्तरं इंग्रजीत देतो म्हणून त्याला मराठी ऐकूच येत नाही असं आम्ही कधी धरून चाललो कोण जाणे.

मं. म्हणाला, "शर्वरीचं नाव न लिहिणं म्हणजे सरळ खोटं होईल. तिकडच्या कायद्यात कुठल्याच मुलाला वारशातून वगळता येत नाही."

"मग लिही. पण नीलला आत्ता नको. परीक्षा होऊ दे."

मागून : "हू इज शर्वरी?"

मं.नं गाडी कडेला घेतली. शेजारून ट्रक जात होते, गाडी हलत होती. त्यानेच सांगितलं. मी समोरच्या काचेतून बघत बसले. भित्री.

शनि., १५
नील जेवला, शाळेचा प्रोजेक्ट केला. दुपारी किचनमध्ये आला.

"डझ शी नो अबाउट मी?"

हो म्हटलं. तू जन्मलास तेव्हापासून.

"सो ओन्ली आय डिडन्ट."

बाबाने का नाही सांगितलं, म्हणाला. बाबामुळे नाही रे, मी नको म्हटलं. का? सुचेल ते सांगितलं : मला भीती वाटायची. मं. आमच्यातून थोडा थोडा तिकडे जाईल अशी. बोलताना माझं मलाच ते इतकं हलकं वाटलं. एका पोरीला वर्षातून एक जेवण, आणि त्यातही मला वाटेकरी दिसत होता. लाज वाटली. त्याने पाण्याचा ग्लास भरून घेतला आणि गेला.

सोम., १७
मं.नं पान चार परत प्रिंट केलं. शर्वरी, मग नील. वयाप्रमाणे. नीलचं नाव दुसरं बघून खुपलं, आणि त्याचाही राग आला, स्वतःचाच.

मग त्याने तिला फोन केला, स्पीकरवर. घराचं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, मला तुमच्या घरातलं काही नको. फॉर्मवर नाव लिहायला लागलं म्हणून फोन केलात ना?"

खोटं कुठे होतं? फॉर्म आला नसता तर हा फोन झाला नसता.

बुध., १९
आज शर्वरीला मी फोन केला. लंच ब्रेकमध्ये, पार्किंगमध्ये गाडीत बसून. नाव सांगितलं. ती म्हणाली, "तुम्हाला काय म्हणायचं ते मला माहीत नाही."

काकू म्हण, म्हणणार होते. जीभ रेटेना. मलाही माहीत नाही, म्हटलं.

सांगून टाकलं की इतकी वर्षं मीच आडवी आले, तुझ्या बाबाला दोष नको देऊस. ती म्हणाली, "त्यांनी पण ऐकलंच की तुमचं." बरोबर आहे. दोघांचाही वाटा आहे.

मे महिन्यात ये, घर बघायला. विचार करून सांगते, म्हणाली. मग, "नीलला कळलंय का आता?"

हो.

"मग त्याला वाटलं तर त्याने करावा फोन. तुम्ही सांगितलं म्हणून नको."

घरी येऊन तिचा नंबर चिठ्ठीवर लिहून फ्रिजला लावला. नीलला इतकंच म्हटलं, तिथे आहे. तो दूध घेत होता. "ओके."

शुक्र., २१
फॉर्म पाठवला. दोन नावं, दोघांच्या सह्या. नोटरीबाईंचं लगेच उत्तर : मिळाला, पुढची तारीख कळवते.

चिठ्ठी सकाळी फ्रिजवर होती. आता नाहीये. नीलच्या खोलीचं दार बंद आहे, आतून काही ऐकू येत नाही. विचारू नकोस, असं मं.नं दोनदा बजावलंय. मी विचारलेलं नाही.