धोंडिबांचे तळवे

आबा,

'प्रिय' लिहायला घेतलं होतं, पण हात वळेना. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, कधी पत्र लिहावंसं वाटलं नाही. आज लिहितेय, कारण पुढच्या महिन्यात गावात तुमचा पुतळा बसतोय आणि घराण्यातर्फे भाषण माझ्याकडे आलंय. नात चंदीगडला विद्यापीठात इतिहास शिकवते, म्हणजे तीच बोलणार, असं बाबांनी परस्पर ठरवून टाकलं.

आणि बोलले असते हो! तुमच्या गोष्टी मला तोंडपाठ. भूमिगत असताना उसाच्या फडात काढलेले दिवस, तुरुंगातला मार, आणि सगळ्यांत लाडकी ती फितुराची गोष्ट. गावचा न्हावी धोंडिबा फौजदाराच्या बंगल्यावर दाढी करायला जायचा, तिथं त्यानं तुमचा ठिकाणा सांगितला, मग चळवळीच्या न्यायसभेत तुम्ही त्याच्या तळव्यांवर काठ्या मारायची शिक्षा फर्मावलीत. 'असा उड्या मारत पळाला!' म्हणत तुम्ही स्वतः नक्कल करून दाखवायचात आणि आम्ही पोरं हसून लोळायचो.

तीच गोष्ट मी इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात मुलांकडून बसवून घेतली. माझी सई आबा झाली होती. इथल्या पोरांचं मराठी काय सांगू, 'फितूर' म्हणता म्हणता 'गद्दार' म्हणून मोकळी होतात. न्हावी झालेला मुलगा लंगडत पळाला आणि सगळा हॉल खो खो हसला.

पहिल्या रांगेतल्या एक म्हाताऱ्या बाई तेवढ्या हसल्या नाहीत. इंदूबाई. मुलगा फौजेत कर्नल, पोस्टिंग इथं, त्याच्याकडे राहायला आलेल्या. चहाच्या वेळी त्यांनी माझा हात धरला. "बाई, त्यो माझा बा हुता," म्हणाल्या.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

धोंडिबांनी काहीही सांगितलं नव्हतं, आबा. सांगणारा तुमचाच चुलतभाऊ. हे तुम्हाला स्वातंत्र्यानंतर कळलं. ठीक आहे, त्या धामधुमीत माणूस चुकतो. क्रांती करणारी माणसं देव नसतात, हे मी वर्गात घसा फोडून सांगते. पण फौजदाराच्या बंगल्यावर तुमचा भाऊही जातच होता ना? मग संशय न्हाव्यावरच कसा आला? भावकीतल्या माणसाला साधं बोलावून विचारावंसंही कुणाला वाटलं नाही?

त्या काठ्यांनंतर धोंडिबांना कधी उकिडवं बसताच आलं नाही, म्हणे. उकिडवं बसता येईना, तर न्हाव्यानं गावाच्या हजामती कशा करायच्या? वस्तरा-कातरीची धोकटी खुंटीला टांगली ती टांगलीच. बायको लोकांची धुणीभांडी करत राहिली.

आणि तुम्ही त्यांच्या घरी गेला होतात! खरं कळल्यावर एका दुपारी गेलात, दार लावून घेतलंत, भावाचं नाव सांगितलंत, टोपी काढून त्या माणसाच्या पायांवर डोकं ठेवून रडलात. इंदूबाई तेव्हा लहान होत्या, त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. ऐकताना मला तुमचा अभिमानच वाटायला लागला होता. पण निघताना काय म्हणालात? "हे बाहेर बोलू नका, चळवळीला बट्टा लागेल."

धोंडिबांनी मरेपर्यंत शब्द पाळला. गावानं फितूर म्हटलं, पोरं मागून लंगडत चालायची, तरी गप्प राहिले. आणि तुम्ही? तुम्ही नकला करत राहिलात! लाज कशी वाटली नाही हो? तुरुंगात एवढा मार खाल्लात पण तोंड उघडलं नाहीत, हे ऐकत मी मोठी झाले. मग गावात तरी उघडायचं होतंत! तिथं कोण मारणार होतं तुम्हाला?

"मला पैका नगं, काय बी नगं," इंदूबाई म्हणाल्या. "पोरगा कर्नल झाला, तरी गावाकडं याया नगं म्हंतोय. बाचं नाव तेवढं धुऊन द्या."

बाबांना फोन केला तर ते भडकलेच. "जुनी मढी उकरून काय मिळणार तुला? पुतळ्यासमोर असलं काही बोललीस तर याद राख!" सई शेजारीच होती. तिनं विचारलं, "मम्मा, तो फिर हीरो कौन था?" तुम्ही शूर होतात, आबा, खोटं कशाला बोलू? म्हणून तर जास्त संताप येतो. भेकड असतात तर सोडून दिलं असतं.

तेव्हा ऐकून ठेवा. मी येणार आहे, आणि इंदूबाईंना घेऊन येणार आहे. कर्नलसाहेबही हो-ना करता करता तयार झालेत. तुम्ही दार लावून जे बोललात, ते मी माईकवरून सगळ्या गावाला सांगणार. फितूर कोण होता, तेही नाव घेऊन. भावकी उठून गेली तर जाऊ दे.

पुतळ्याला पहिला हार घालायचा मान घराण्याचा आहे म्हणे. तो हार मी इंदूबाईंच्या हातात देणार आहे. घालायचा की नाही, ते त्या ठरवतील.

तुमची नात,
मीरा