बाजूच्या क्रूसाकडे

३ मार्च

चि. नर्सबाईंना आजीचे आशीर्वाद, वि. वि.

महिना झाला, पत्र नाही. औषधांची शंभर नावं पाठ करणारीला आजीचा पत्ता आठवत नाही, हे कोणत्या आजाराचं लक्षण ते तुमच्या मोठ्या सिस्टरांना विचार. मला अक्षर येत नाही तरी मी पत्र पाठवते. मी बोलते, तुझी आई लिहिते आणि लिहिता लिहिता माझं बोलणं सोवळं करते. नोकरीत कायम झालीस का ते कळव. चर्चमध्ये बायका विचारतात आणि मला मिरवायची घाई आहे.

लोभ ठेव, आणि पोस्टातही टाक.
आजी

११ मार्च

ती. आजीस प्रेमाचा सलाम, वि. वि.

चुकले. कायम झाले की तुला केक पाठवणार होते, पण तेच अडलंय. आमच्या वॉर्डात एक चोर आहे. भिंतीवरून पडून कंबर मोडलेला. एक हात बेडीने पलंगाला बांधलेला, दुसरा प्लास्टरमध्ये. ताट शेजारी ठेवतात आणि भरलेलंच उचलून नेतात. म्हणून माझ्या जेवणाच्या सुट्टीत मी त्याला भरवते. बाकीच्यांच्या नातेवाइकांनी तक्रार केली, की चोराला भरवणारे हात आमच्या माणसाला नकोत. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, थांबव, नाहीतर सही करणार नाही. मी थांबवलं नाही. आणखी सहा महिने उमेदवारी.

आजी, माझं चुकलं का? आईला मात्र यातलं काही कळू देऊ नकोस. माझ्या शिक्षणासाठी तिने किती वर्षं शिलाई मशीन चालवलंय.

माया आहे तशीच असू दे.
तुझी नात

१८ मार्च

चि. विसरभोळीस आशीर्वाद.

अगं, मला पत्र वाचून कोण दाखवणार होतं, मांजर? आईला कळू देऊ नकोस, हे तुझ्या आईनेच मला मोठ्याने वाचून दाखवलं. वाचता वाचता शिलाई मशीनच्या ओळीपाशी आली आणि थांबली. म्हणाली, चोरासाठी केलं का मी हे सगळं. मी विचारलं, मग प्रभूने कोणासाठी केलं?

शिष्य तर पळाले होते. शेवटच्या घटकेला त्याच्या शेजारी कोण, तर दोन चोर. आणि त्यातल्या एकाला तो स्वतःबरोबर घेऊन गेला. मी जन्मभर मधल्या क्रूसापुढे गुडघे झिजवले, बाजूच्याकडे कधी मान वळवली नाही. मला वाटायचं, तो मेला ते पहिल्या बाकावर बसणाऱ्या माझ्यासारख्यांसाठी. हात खिळलेल्या माणसाला स्वतःच्या कपाळावरची माशीसुद्धा उडवता येत नाही, हे तुझं पत्र ऐकताना पहिल्यांदा डोळ्यांपुढे आलं. पोरी, तू चुकली नाहीस. तू जिथे उभी राहिलीस तिथे उभं राहायला मला ऐंशी वर्षं पुरली नाहीत.

रविवारी बायकांनी विचारलंच, कायम झाली का. मी तोंड उघडायच्या आत तुझी आई म्हणाली, नाही झाली. आणि का नाही झाली ते शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं सांगितलं. येताना ती इतकी ताठ चालत होती, की मला काठी असून मागे पडायला झालं.

आमचा जीव तुझ्यात आहे, तू तो सांभाळ.
आजी

ता. क. हे तुझ्या आईने स्वतःहून लिहिलंय, मी सांगितलेलं नाही: त्याला गोड चालतं का? आता पुढचं माझं: चालत असेल तर तो केक आत्ताच आण. पहिला तुकडा त्याला भरव, उरलेला इकडे पाठव. वर बदाम नकोत, मला तीनच दात आहेत.