कोवलमच्या कुत्रीसाठी स्थळ

नुंगंबाक्कम, चेन्नई
१४ ऑगस्ट २००५, रविवार सकाळ

तीर्थरूप अलकाआत्यास,

शार्दूलचा लांबून, आणि पायावर कुत्री झोपलेली असल्यामुळे जमेल तेवढाच वाकून, नमस्कार.

तुझं पत्र नोव्हेंबरात मिळालं. आता ऑगस्ट चाललाय. उत्तर लिहायचं मी टाळलं, हे आधीच कबूल करतो, म्हणजे तुझा लाल पेन दुसऱ्या चुकांसाठी शिल्लक राहील. अगदीच काही केलं नाही असं नाही. डिसेंबरात इनलँड आणलं आणि त्यावर 'तीर्थरूप' लिहिलं. मग कुणीतरी गोचिडांच्या औषधाचं प्रमाण सांगायला लागलं, ते त्याच्याखाली टिपून घेतलं. त्यामुळे ते इनलँड वाचलं तर तीर्थरूपांना दिवसातून दोनदा पाच थेंब द्यायचे आहेत असं वाटतं. ते फाडलं नाही, अजून आहे.

तुझे गुडघे कसे आहेत? जिना अजून बसत बसत उतरतेस का? शेजारचे बाळकृष्णकाका रेडिओ तेवढाच मोठा लावतात का? मिरजेची खुशाली सविस्तर कळव. (मी नऊ महिन्यांनी उत्तर देतो म्हणून तू तसं करू नकोस.)

तू पत्रात एकच प्रश्न विचारला होतास, की माझी लोखंडी कॉट ठेवायची का कुणाला द्यायची. उत्तर सोपं आहे. देऊन टाक. माझं काही खरं नाही, उगाच जागा अडते. त्या प्रश्नाच्या वर तू एक ओळ लिहून खोडलीस, पण तू पेन दाबून लिहितेस, कागद उलटा धरला की वाचता येतं. मी न सांगता गेलो तेव्हा तू आठ दिवस सांगलीच्या स्टँडवर जाऊन कंडक्टरांना विचारत होतीस, असं त्यात आहे. त्याबद्दल मी काही लिहिणार होतो. आधी कुत्रीचं सांगतो.

मी चेन्नईबाहेर ओरगडमला माझ्या मित्राच्या, गंधारच्या खोलीवर होतो हे तुला माहीत आहेच, तुझं पत्र त्याच्याच पत्त्यावर आलं. तिथे गाड्यांच्या कारखान्यात माझं काम म्हणजे येईल त्या दाराला रबराची पट्टी बसवणं. डावं दार, डावं दार, डावं दार. (उजव्या दाराला दुसरा माणूस. चार महिने समोरासमोर होतो, पण मधे गाडी असल्यामुळे मी त्याचा चेहरा नीट पाहिला नाही.) एक दिवस जेवणाच्या सुट्टीत गेटबाहेर लंगडं कुत्रं दिसलं, त्याला घेऊन डॉक्टर शोधत शोधत नुंगंबाक्कमला आलो आणि परत गेलोच नाही. गंधार म्हणतो, तू नोकरी सोडली नाहीस, विसरलास.

डॉक्टरांच्या दारात चित्राअक्का भेटल्या. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला आले, ते त्या वेळची मराठी बरोबर घेऊन आले आणि यांनी ती तशीच वापरात ठेवली आहे, मधे मधे तमिळ घालून. मी पाटावर बसून पोथी ऐकतोय असं पहिल्या दिवशी वाटलं. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून त्या म्हणाल्या, "अय्यो, पोरा, तुज राहायास ठाव आहे की नाही?" ठाव नव्हता. घरामागे एक खोली रिकामी होती. कुत्र्यांचं करायचं आणि तिथे राहायचं, असं ठरलं.

अक्कांसारख्या इथल्या कुत्री सांभाळणाऱ्या मंडळींची पद्धत अशी की, रस्त्यावरचं जखमी किंवा टाकून दिलेलं कुत्रं उचलायचं, बरं करायचं, आणि कायमचं घर मिळेपर्यंत कुणीतरी आपल्याकडे सांभाळायचं. त्याला फॉस्टर म्हणतात. फॉस्टरला नियम दोन. नाव ठेवायचं नाही, आणि आपल्या अंथरुणात घ्यायचं नाही. नाव नव्या घरानं ठेवायचं असतं. या कुत्रीच्या बाबतीत पहिला नियम मी आजपर्यंत पाळलाय. दुसरा फेब्रुवारीपर्यंत पाळला.

ही जानेवारीत कोवलमला, इथून जवळच्या कोळ्यांच्या गावात, मिळाली. त्सुनामीची लाट येऊन गेल्यावर दहा-बारा दिवसांनी आमची माणसं तिथल्या कुत्र्यांना इंजेक्शनं द्यायला गेली, तेव्हा मी सुया मोजायला होतो. तांबूस रंग, एक कान फाटलेला, पाण्याकडे तोंड करून बसलेली. बिस्किट दिलं तर बाजूला ठेवून परत पाण्याकडे. मागच्या पायात पत्रा घुसला होता म्हणून आणावीच लागली. हिचं माणूस सापडावं म्हणून गावात नोटिसाही लावल्या, पण कुणी आलं नाही.

पाय महिन्याभरात भरला. पण ती दहीभात खाईना. अक्कांच्या स्वयंपाकघरात कांदासुद्धा चतुर्थी बघून येतो, आणि ही बसली मासळीसाठी अडून. चार दिवस उपास झाल्यावर अक्का स्वतः बाजारात गेल्या, नाकाला पदर लावून करुवाडु, म्हणजे सुकी मासळी, घेऊन आल्या, आणि माझ्या खोलीत एका डब्यात ठेवून डब्यावर चिठ्ठी लावली, 'औषध'. रोज अकराला गल्लीत मासेवाली ओरडते, तेव्हा ही उठते, फाटकाशी जाते, तिला नीट बघून घेते आणि परत येते. रोज. मासेवालीसुद्धा आता टोपली उतरवून तिला तोंड दाखवते आणि मग पुढे जाते.

नाव ठेवायचं नाही म्हणून मी तिला 'अगं' म्हणतो. अगं, चल. अगं, ऊठ. आणि इथेच माझं चुकलं. तिला पहिलं स्थळ आलं ते मूळ पुण्याचं, आता इथेच राहणारं, उन्मेष आणि प्राची, दोघंही कॉम्प्युटरवाले, चौथ्या मजल्यावर फ्लॅट. माणसं चांगली. मुलीला साडी पाठवतात तशी आमच्याकडे आठ दिवस आधी स्थळाकडून वापरलेली चादर येते, म्हणजे कुत्र्याला घराचा वास ओळखीचा होतो. यांनी नवी कोरी, इस्त्रीची पाठवली. मी ती परत करून प्राचीला म्हटलं, वहिनी, जरा मळवून द्या. मग फॉर्म भरून घेतला. त्यात घरात कोण कोण, आधी कुत्रं होतं का, ते कशानं गेलं, असं सगळं असतं, आणि शेवटचा प्रश्न, कुत्रं हरवलं तर किती दिवस शोधाल? उन्मेषनं लिहिलं, 'मिळेपर्यंत'. सगळे तेच लिहितात.

कुत्री त्यांच्याकडे गेल्याच्या दुसऱ्या दिवशी उन्मेषचा फोन. "अरे, मी बायकोला अगं म्हणून हाक मारली की दोघी येतात. आणि बायको आधी आली की कुत्री तिच्याकडे अशी बघते!" त्यावर हसलो. तिसऱ्या दिवशी प्राचीचा आला, ती हसत नव्हती. ही दिवसभर लिफ्टसमोर बसायची. दार उघडलं की आतल्या प्रत्येकाचं तोंड बघायची आणि परत बसायची. प्राची म्हणाली, ती कुणाची तरी वाट बघतेय रे, आम्हीच आमच्या घरात पाहुणे आल्यासारखे वागतोय, हळू बोलतोय. मी कुत्रीला रिक्षानं परत आणलं.

दुसरं स्थळ चंद्रमौळी सर, रेल्वेतून निवृत्त. त्यांना राखण करणारं कुत्रं हवं होतं. परीक्षा घ्यायची म्हणून ते लुंगी खोचून, तोंडाला टॉवेल बांधून स्वतःच्याच कंपाउंडवरून आत उडी मारायला निघाले. मी सांगत होतो, सर, नको. ते पडले. ही धावत गेली, मला वाटलं आता चावते, पण तिनं तोंडानं टॉवेल ओढून काढला, चेहरा बघितला, हा तो नव्हे असं ठरवलं, आणि तरीही डॉक्टर येईपर्यंत त्यांच्याजवळ बसून राहिली. मनगट मोडलेल्या अवस्थेत सर मला म्हणाले की या कुत्रीचा स्वभाव फार उत्तम आहे आणि ती आम्हाला अजिबात नको.

तर असं आहे. बाकीच्या पाचही कुत्र्यांना घरं मिळाली. आता अक्का हे घर सोडून लेकीकडे, इराकडे, बंगळूरला चालल्यात, महिनाअखेरीला किल्ली द्यायची आहे. इराकडे एका खोलीत चार माणसं. हिला घर मिळालं नाही तर शहराबाहेरच्या मोठ्या शेडमध्ये पिंजऱ्यात ठेवावं लागेल. मी बघून आलो. शेडची माणसं वाईट नाहीत, पण साठ कुत्री आहेत, आणि पिंजऱ्यातून रस्ता दिसत नाही. दिसला नाही तर ही काय करेल ते मला सांगता येत नाही.

तब्येतीला जप. गुडघ्यांना तेल लावत जा. मोठ्यांना नमस्कार, रेडिओलासुद्धा.

तुझा,
शार्दूल

ता. क. : पत्र लिहिण्याचं खरं कारण लाजेनं वर आलंच नाही. हिला तुझ्याकडे पाठवू का? तुझं अंगण रस्त्याला लागून आहे, फाटकाला फटी आहेत, येणाऱ्याजाणाऱ्याचं तोंड दिसतं. गाडीत कुत्र्याची सोय होते, मी चौकशी केली आहे. तिला मराठी कळतं, इथे तेच नडतंय. मासळी तुला चालणार नाही, पण डब्यावर 'औषध' लिहिलं की अक्कांना चालली. 'किती दिवस शोधाल' हा प्रश्न मी तुला विचारणार नाही. तुझं उत्तर मला माहीत आहे. फक्त हो किंवा नाही कळव, पण लवकर. (हे मी कोणत्या तोंडानं म्हणतोय ते मला कळतं.)

दुसरा ता. क. : मी वर एक खोटं लिहिलंय. जानेवारीत नोटिसा लावल्या नव्हत्या. अक्कांनी तमिळमध्ये लिहून, तिचा फोटो घालून पंचवीस प्रती काढून दिल्या होत्या. मी कोवलमला बसमधून उतरलोही. स्टॉपच्या भिंतीवर माणसांचे फोटो चिकटवलेले होते. एक आजोबा, लग्नातल्या फोटोतली एक बाई, शाळेच्या ड्रेसमधला एक मुलगा. खाली काय लिहिलंय ते मला वाचता येत नव्हतं, पण वाचायला काय लागतं? त्या भिंतीसमोर बायका उभ्या होत्या. तिथे कुत्रीचा फोटो कसा लावायचा, आत्या? कुठल्या दोन फोटोंच्या मधे? मी तीच बस धरून परत आलो आणि अक्कांना म्हटलं, लावल्या. पुढच्या आठवड्यात जाऊ असं ठरवलं. मग फेब्रुवारीत ती माझ्या अंथरुणात झोपायला लागली, आणि मग मला जायचंच नव्हतं. गेल्या शनिवारी आवराआवर करताना तो गठ्ठा माझ्या पिशवीत अक्कांना मिळाला. त्या रागावल्या नाहीत. "मज वाटलेंच," एवढंच म्हणाल्या, आणि स्वयंपाकघरात जाऊन मैद्याची खळ शिजवून आणली. मी दुसऱ्याच दिवशी, रविवारी जाऊन सगळ्या पंचवीस लावल्या. आता भिंतीवर सिमेंटची जाहिरात आहे. सात महिन्यांनी कोण येणार? म्हणून तुझ्या अंगणाचं तेवढं बघ.

तिसरा ता. क. : पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात फाटक वाजलं. मासेवाली असेल असं वाटलं, अकरा वाजलेच होते. ती नव्हती. एक बाई, हातात आमची नोटीस, भिंतीवरून ओरबाडून आणलेली, मागे खळीचे पापुद्रे. नाव तुळसी. फेब्रुवारीपासून बहिणीकडे कडलूरला होती, सरकार देणार असलेल्या घरांच्या यादीत नाव बघायला परवा कोवलमला आली. कुत्री तिच्या नवऱ्याची. तो होडीवर जायचा, ही किनाऱ्यावर बसायची. तो आला नाही. अक्का मला एकेक वाक्य मराठीत करून सांगत होत्या आणि मधे थांबत होत्या. जानेवारीत ही बाई पंधरा दिवस कुत्रीबद्दल विचारत फिरली. त्या स्टॉपवरही. रोज.

तिनं "मणी" अशी हाक मारली. सात महिने अगं अगं करत होतो, तिला नाव होतं. कुत्री धावली नाही. हळू गेली, साडीचा वास घेतला, आणि मग तिच्या मागे जाऊन रस्त्यावर उभी राहिली, बरोबर आणखी कुणी आलंय का ते बघत. बराच वेळ बघितलं. मग परत येऊन, पायरीवर बसलेल्या त्या बाईच्या मांडीवर डोकं ठेवलं. माझ्याकडे आली नाही. येऊ नये हेच बरोबर आहे.

अक्का म्हणतात, नियम म्हणजे नियम, फॉर्म भरून घे. तो मीच हातानं लिहिलेला, माझ्या हातात आहे. शेवटचा प्रश्न मी खोडलाय, पण मीही पेन दाबून लिहितो. त्या दोघी आत्ता पायरीवर बसल्यात, दुपारच्या बसनं जातील. मी 'औषधा'चा डबा बांधून देतो.

अंगणाचं आता काही बघू नकोस. कॉट मात्र अजून दिली नसशील, तर देऊ नकोस.