तारीला चष्मा लागला, आत्याबाई

प्रिय आत्याबाई,

सासूला कधी कुणी ‘प्रिय’ लिहितं का? तुम्ही असता तर तोंडाला पदर लावून हसला असता. पण आज मला राहवतच नाही! तुम्हाला जाऊन पाच महिने झाले आणि इतकं बोलावंसं मला तुम्ही असतानाही कधी वाटलं नव्हतं. काल मिरजेहून तुमच्या नातीला, आपल्या तारीला, चष्मा आणला. सात वर्षांच्या पोरीला चष्मा! आणि त्या चष्म्यापायी तुमचं जन्मभराचं गुपित उघडं पडलं.

आधी माझी चूक कबूल करते. तुम्ही गेल्यापासून पोरगी सांगत होती, फळ्यावरचं दिसत नाही म्हणून. शाळेत मुली तीनच, त्या बसतात सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून. मला वाटलं, शाळा चुकवायची सोंगं. मग एक दिवस ती भर रस्त्यात उभ्या म्हशीला जाऊन धडकली, तेव्हा म्हटलं, हिला कुणाची तरी दृष्ट लागली. मीठ-मिरच्या ओवाळल्या, चुलीत टाकल्या आणि वर तिलाच धुरासमोर बसवलं. आधी लांबचं दिसत नव्हतं, मग दोन दिवस डोळेच उघडेनात! मास्तरांची लेक मी, चौथी शिकलेली, आणि ही माझी अक्कल. शेवटी शाळेच्या गुरुजींनी यांना गाठून बजावलं, तिला आधी डॉक्टरांना दाखवा.

यांना सवड कुठली, ऊस तुटत होता. मीच तारीला घेऊन आष्ट्यापर्यंत बैलगाडीनं आणि पुढं मोटारीनं मिरजेला गेले. डोळ्यांचे डॉक्टर म्हातारे, शांत. त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणी वस्तू नाकाशी धरून बघतं का? मी ठसक्यात सांगितलं, आमच्या घरात सगळ्यांची नजर घारीची.

तर तारी म्हणाली, “आजी धरायची की. आजीला बी लांबचं दिसत न्हवतं. कुणाला सांगू नगंस म्हणली हुती.”

आत्याबाई, तुम्ही?

डॉक्टरांनी तिला जवळ घेऊन विचारलं, मग तू इतके दिवस निभावलंस कसं गं? पोरीनं घडाघडा सांगितलं. माणूस चालीवरून ओळखायचं. ओळख पटेपर्यंत आपण बोलायचं नाही, समोरचा बोलला की मग हसायचं. विहिरीच्या पायऱ्या अकरा, त्या पायांनी मोजायच्या. सगळं आजीनं शिकवलंय म्हणाली, आणि किती मोठेपणानं म्हणाली! परकरातल्या पोरीला हे असलं शिक्षण दिलंत तुम्ही, आणि मी त्याच घरात भाकरी थापत होते.

चष्मा लावून बाहेर आलो आणि बाईसाहेब रस्त्यातच थांबल्या. तारायंत्राच्या तारांकडे बोट करून म्हणते, “आई, पाखरं बसत्यात व्हय? मला वाटायचं, ती निसती उडतच असत्यात.” मग काय, तोंडाला खळ नाही! कौलं सुटी सुटी असतात, उसाला तुरे असतात, मोटारवाल्याला मिशा आहेत! अख्खी मोटार हसत होती. मी एका डोळ्यानं हसत होते नि एका डोळ्यानं रडत होते, कारण वाटेवर आष्टा लागलं.

आष्ट्याचा बाजार आठवतो? माझं लग्न होऊन वर्ष झालं असेल. माझी आई समोरून आली, तुम्हाला बघून हसली, आणि तुम्ही तिच्या अंगावरून सरळ पुढे निघून गेलात. आई बिचारी बाजार न करताच परतली. लेकीच्या सासूला गर्व लय, असं तिनं मरेपर्यंत धरून ठेवलं. मी आठ दिवस तुमच्याशी बोलले नाही. तुम्ही एवढंच म्हणालात, “उन्हानं डोळं दिपलं हुतं, बाई.” ढगाळ दिवस होता तो! तेव्हा मला तुमचा केवढा राग आला होता. आणि जोंधळे निवडताना सूप नाकाला लावायचात, तेव्हा मी जावेला खुणावायचे, बघा, सून खडे चारते की काय याची झडती चाललीय.

का नाही बोललात, आत्याबाई? नव्या नवरीचे डोळे अधू म्हटल्यावर माहेरी धाडतील, ही भीती मला समजते. पण पुढे? सासूपणा आला, नातवंडं झाली, तेव्हाही? आणि पोरीनं पहिल्यांदा तुमच्याशीच तक्रार केली, तर तिलाही गप्प केलंत! याचा मला राग आहे, तो सांगितल्याशिवाय मी राहणार नाही. पण खरं सांगू? तुम्ही मला सांगितलं असतं, तर मी काय केलं असतं? हसलेच असते.

घरी आलो तर तुमच्या लेकानं नवाच सूर लावला. लढाईवरून आलेला माणूस! पलटणीत सुभेदारसुद्धा चष्मा लावत होते असं कौतुकानं सांगणारा! आणि स्वतःच्या लेकीची वेळ आली तर म्हणतात, “शाळंत लाव. पर गुरुवारी गोदाक्का येणार हाय, तिच्या सासरची माणसं असतील. तवा डबीत ठेव. उद्या पोरीचं लगीन करायचं हाय.”

तेव्हा मी त्यांना तुमचं सगळं सांगितलं. हे सोप्यावर जाऊन बसले. मग म्हणाले, पलटणीला निघालो तेव्हा मोटारीतून वळणापर्यंत हात हलवत होतो, आणि आई भलतीकडेच तोंड करून उभी होती. लढाई सरेपर्यंत त्यांनी हे मनात ठेवलं होतं. परत आल्यावरही तुम्हाला कधी विचारलं नाही.

“म्हंजे तिला मी दिसलोच न्हवतो व्हय गं?” असं म्हणाले आणि माझ्यासमोर रडले. लग्नाला बारा वर्षं झाली, यांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं.

आज सकाळी त्यांनी स्वतः धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसला आणि तारीच्या कानांवर चढवला. डबीचं नाव पुन्हा काढलं नाही.

तर आत्याबाई, हा माझा शब्द. गुरुवारी तुमची लेक गोदाक्का औंधाहून माणसं घेऊन येईल, तेव्हा तारी चष्मा लावून दारात उभी असेल. कुणी नाक मुरडलं, तर मी तुमची गोष्ट सगळ्यांसमोर सांगणार. तुमचं गुपित मी फोडणार, राग आला तर येऊ द्या! गर्विष्ठ म्हणून तुम्हाला ज्यांनी ज्यांनी नावं ठेवली, त्या एकेकाच्या घरी जाऊन सांगेन की आमच्या सासूबाईंना गर्व नव्हता, त्यांना तुम्ही दिसत नव्हता. आणि सुरुवात माझ्या माहेरापासून करीन.

तुम्हाला उशिरा ओळखणारी तुमची सून,
सगुणा