मातीचे दादा

सोमवार, ९ जाने. १९७८
आज माती. बालवाडीतल्या मंगलची आई सरूबाई आणि मी सकाळीच रहाटणीच्या नदीकाठी गेलो, दोन पाट्या भरून आणल्या. खडे वेचले, भिजवली, कापूस पिंजून त्यात मळला. कापसानं वाळताना तडा जात नाही, हे तिथल्याच कुंभारणीनं सांगितलं. बालवाडीत मुलं तेवीस, गोळे तेवीस. पहिल्या झटक्यात सगळ्यांनी भाकऱ्याच थापल्या. थापू देत. हात तर मळले.
अध्यक्षबाई डोकावून गेल्या. (इथून पुढं अ.बाई. एवढं लांबलचक कोण लिहिणार.) कंपनीच्या कॉलनीचं महिला मंडळ त्यांचं, हॉल मंडळाचा, बालवाडी मंडळाची, म्हणजे मीही मंडळाचीच. "फरशी कोण पुसणार?" म्हणाल्या. मीच पुसणार. दुसरं कोण आहे इथं.

गुरु. १२ जाने.
भेंडीचे ठसे. भेंडी आडवी कापली की आत फूलच असतं, ते पोरांना आज कळलं. बटाट्यावर मी चांदणी कोरून दिली. रंग घरचे: हळद, कुंकू, नीळ, खळीत कालवून. कागद म्हणून कंपनीतल्या खोक्यांतला खाकी कागद, ह्यांनी आणलेला. एकानं चांदणीचा बटाटा निळीसकट खाल्ला. जीभ निळी, पोर खूश.
एका आईनं दारातच गाठलं. "बाई, भाजी काय खेळायची वस्तू हाय?" खरं आहे तिचं. उरलेली सगळी भेंडी घरी नेऊन परतली. डाव्या हाताची नखं अजून निळी.

सोम. १६ जाने.
मंडळाची बैठक. २६ला झेंडावंदनानंतर हॉलमध्ये मुलांच्या वस्तूंचं प्रदर्शन. पाहुण्या कोण, तर कंपनीच्या मोठ्या साहेबांच्या मिसेस. अ.बाईंनी घोटीव कागद आणि पुठ्ठ्याचा साचा माझ्यापुढं ठेवला. बदक. तेवीस बदकं, सगळी पिवळी, चोच लाल.
म्हटलं, बाई, साच्यावरून मीच कापणार, मीच चिकटवणार. मुलांनी काय करायचं?
"मुलांनी बदकाशेजारी उभं राहायचं," एक बाई म्हणाल्या. सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही.
तासभर वाद. शेवटी बदकं भिंतीवर, आणि कोपऱ्यातलं एक टेबल मुलांच्या मातीकामाला. विषय मी ठरवला: आपल्या घरातलं एक माणूस. अ.बाई म्हणाल्या, "बघा हं कुसुमबाई, भेसूर काही नको."

बुध. १८ जाने.
घरातली माणसं तयार होताहेत. आया पुष्कळ, आज्या चार. एकाच्या मामाला डोक्यापेक्षा मोठी टोपी.
मंगलनं वडील केले. सहा वर्षांची पोर, पण मिशीसुद्धा काडीनं ओढून काढली. उजव्या हाताला एक जाड बोट आणि एक बारीक, बस. मला वाटलं कंटाळली. म्हटलं, "मधली बोटं राहिली की गं," आणि मीच तळहातावर माती वळायला घेतली. दोन बोटं वळूनही झाली.
"न्हाईत बाई," ती म्हणाली. "दादांना तेवढीच हायत."
गेल्या पावसाळ्यात रामचंद्रभाऊंचा हात कंपनीत प्रेसच्या यंत्रात आला, हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे? अख्ख्या कॉलनीला माहीत आहे. बोलत कुणी नाही. आता ते स्टोअरमध्ये बसतात, हत्यारं देतात घेतात. आणि मी चालले होते पोरीच्या बापाला बोटं लावायला.
वळलेली बोटं गोळ्यात परत दाबून टाकली. 

सोम. २३ जाने.
बाहुल्या सावलीत वाळल्या. एकीलाही तडा नाही. गेरूचा हात मुलांनीच दिला.
अ.बाई पाहणीला. सगळं बघत बघत मंगलच्या दादांपाशी थांबल्या. "ह्याचा हात मोडलाय. मागं सारा."
"मोडला नाही. तसाच आहे. हे मंगलचे वडील."
आधी कळलं नाही. मग कळलं. लाल झाल्या. दार लोटून मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसल्या, एकदम 'तू'वर आल्या. "कुसुम, तुझ्या भल्याचं सांगते. येणाऱ्या बाई कोण आहेत? त्यांच्या साहेबांच्याच हाताखाली तो प्रेसचा विभाग. त्यांनी काय समजायचं? बोटं लावून पूर्ण कर, नाहीतर उचलून ठेव."
मी म्हटलं, "बाई, आधी माणसाला लावा. मग मातीला मी लावते."
तोंडातून गेलं ते गेलं. परत घ्यावंसं वाटलं नाही.
ह्यांना सांगितलं. जेवता जेवता हात थांबला. "अगं, माझी नोकरी तिथंच आहे ना. उद्या मला विचारलं तर?"
"सांगा, बायको ऐकत नाही."
"तेच सांगणार आहे."
"सांगा की. खोटं कुठाय त्यात."
 ताटातलं सगळं संपवलं. राग असला की अर्धं टाकतात.

मंगळ. २४ जाने.
दिवसभर एकच डोक्यात. हात माझा नाही. मी कोण मिरवणार? दुपारी मुलं गेल्यावर रामचंद्रभाऊंच्या क्वार्टरवर गेले. ते म्हणाले काढा, तर बाहुला टेबलावरून काढायचा. असं मनाशी ठरवूनच गेले.
सरूबाईंनी ऐकलं आणि माझा हातच धरला. "काढून टाका बाई. हलकी का व्हईना, नोकरी हाय अजून. त्याच्यावरच चाललंय आमचं."
रामचंद्रभाऊ खाटेवर. उजव्या हातावर टॉवेल. मूळचे लातूरकडचे, बोलणं कमी. डाव्या हातानं टॉवेलचं टोक सारखं करत होते. मला वाटलं उठावं आता.
मग म्हणाले, "चेहरा माझ्यावानी आलाय का?"
म्हटलं, मिशी तर अगदी हुबेहूब.
"मग ऱ्हाऊ द्या. लेकरानं बघून केलंय."
सरूबाई आत जाऊन रडल्या. त्यांचं भय खोटं नाही.  तरी निघाले ते बाहुला टेबलावर राहणार हे ठरवूनच.

गुरु. २६ जाने.
सगळं लिहून ठेवते, उद्या दुसरंच आठवायचं.
झेंडावंदनाआधी हॉल उघडला. टेबलावर बावीस. मंगलच्या जागी पिवळं बदक आणि त्याच्यापुढं तिच्या नावाची चिठ्ठी. अ.बाईंना विचारलं. "कपाटात आहे. सुरक्षित आहे. कार्यक्रम झाला की देऊ."
"किल्ली द्या."
"कुसुमबाई, आज तमाशा नको."
तेवढ्यात मंगल, वेणीला तिरंगी रिबीन. टेबल बघितलं, टेबलाखाली वाकून बघितलं. "बाई, माझे दादा कुठायत?"
मी मुलांना म्हटलं, आपापलं माणूस उचला आणि चला. धीरे, पाडायचं नाही. बावीस जणं बाहुल्या छातीशी धरून बाहेर आली, हॉलच्या पायऱ्यांवर दोन रांगा. मंगल रिकाम्या हातानं शेवटी. टेबल मोकळं. भिंतीवर बदकं.
अ.बाई म्हणाल्या, "ह्याचा परिणाम ठाऊक आहे ना?" ठाऊक होता.
झेंडावंदन झालं. रामचंद्रभाऊ इस्त्रीचा सदरा घालून गर्दीत होते. मी त्यांना बोलावलं नाही. बोलावलं असतं तर ते पाप माझ्या माथी. मंगलच पळत गेली, त्यांना ओढत घेऊन आली आणि आपल्या जागेवर उभं केलं. तिनं धरला तो उजवाच हात. टॉवेल नव्हता. एकदा वाटलं ते सोडवून घेतील. नाही सोडवला.
पाहुण्या आल्या. पायऱ्यांवर वाट मुलांच्या मधूनच. एकेकापाशी वाकून विचारत होत्या, हे कोण? आई. आजी. माझा मामा. कौतुक चाललेलं. अ.बाई मागून, "वर चला ना, आत मुख्य प्रदर्शन आहे."
पाहुण्या मंगलपाशी आल्या. "आणि तू नाही केलंस काही?"
"केलते. कपाटात घातलेत," मंगल म्हणाली. "हे माझे दादा. असे केलते." आणि हात वर केला.
त्या बाईंनी पाहिलं. लाउडस्पीकर खरखरत होता. त्या म्हणाल्या, "नाव काय आपलं?" रामचंद्रभाऊंनी पूर्ण नाव सांगितलं, तिकीट नंबरसकट. गेटवर सांगतात तसं. बाई आत गेल्या. बदकं बघितली की नाही, मला माहीत नाही.

शनि. २८ जाने.
मंडळाची चिठ्ठी. लेखी माफी द्या, नाहीतर सोमवारी हॉलची किल्ली जमा करा. ह्यांना फोरमननं विचारलं, घरात काय चाललंय? हे म्हणाले, "बायको ऐकत नाही." वर म्हणाले, "आणि मीही आता सांगत नाही." हे दुसरं वाक्य मला आज कळलं, तेही शेजारणीकडून.
रामचंद्रभाऊंना अजून कुणी काही बोललेलं नाही. चांगलं की वाईट, कळत नाही. सरूबाई नळावर भेटल्या. हंडा भरेपर्यंत उभ्या राहिल्या. जाताना म्हणाल्या, "कपाटातलं तेवढं आणा बाई. पोरगी इचारती."
दोनदा गेले. अ.बाई घरी नाहीत म्हणे. खिडकीत दिसत होत्या.

मंगळ. ३१ जाने.
काल किल्ली दिली. माफी दिली नाही. चिठ्ठीच्या मागं लिहिलं: माफी कशाची, ते आधी लिहून द्यावं.
आज आमच्या क्वार्टरपुढच्या अंगणात मुलं बोलावली. तेविसांतली अकरा आली. मंगल आली. तिचे दादा अजून कपाटातच. बाकीच्यांच्या आयांना दोष देत नाही. जुन्या वर्तमानपत्राची भिरभिरी केली: चौकोन, चार काप, एकाआड एक कोपरा मध्यावर, बाभळीचा काटा, चिपाडाची दांडी. पहिली तीन फाटली, चौथं फिरलं. मग सगळीच गल्लीभर पळत सुटली.
कॉलनीच्या ऑफिसातला माणूस आला. सायकल उभी केली. "बाई, कंपनीच्या जागेत असा वर्ग भरवता येत नाही. तक्रार आहे."
म्हटलं, माझ्या दारात मुलं खेळतात.
"मला नाव घ्यावं लागेल." वही काढली. मी पूर्ण नाव सांगितलं. त्यानं आडनाव चुकवलं. वही मागून घेतली, खोडून नीट लिहिलं आणि परत दिली. त्यानं वही मिटली. "बाई, हे वर जाणार."
"जाऊ दे. वाचता येईल असं लिहिलंय."
उद्या काय येतंय बघू. मुलांना रिकाम्या आगपेट्या आणायला सांगितल्यात.