खुर्चीवरचं बोंड

लेडी बेरिलबाई,

सख्ख्या बहिणीला असं लिहिताना हसू येतं, पण तुला तेच आवडतं ना! तुझं बोलावणं काही येईना, म्हणून काल सकाळच्या गाडीने मीच आले आणि दाराशी तिकीट काढून, बघ्यांच्या रांगेतून तुझ्या सासरचा महाल बघितला. नुसता डामडौल! पडद्यांना कुबट वास आणि भिंतभर आंबट तोंडाचे पूर्वज.

दिवाणखान्यात मात्र थबकले. दोरीपलीकडे आपल्या आईची स्वयंपाकघरातली खुर्ची! लहानपणी मी त्या खुर्चीचा हात चावला होता, त्या दातांच्या खुणासुद्धा तशाच. खाली पाटी: 'घराण्याची पिढीजात खुर्ची'. वर कुणी बसू नये म्हणून पाइनचं वाळकं बोंड ठेवलेलं.

मी बोंड उचललं आणि बसले.

राखणीवरची बाई धावली. "अहो, उठा! तिथं फक्त घरच्यांनी बसायचं."

"म्हणून तर बसलेय."

तेवढ्यात पाहुणे घेऊन तू आलीस. माझ्याकडे नीट बघितलंस आणि त्यांना म्हणालीस, "काय ही माणसं! कुठून कुठून येतात!"

हे पत्र टाकणार नाही. तुझ्यापायी एवढा खर्च झाला तो पुरे. बोंड मात्र पर्समधून घरी आणलंय. आपल्या स्वयंपाकघरात तुझ्या जागेवर ठेवलंय. कधी आलीस, तर उभीच राहा.

कुठून कुठून येणारी,
ऑड्री