न सोडलेलं लॉक आणि वरणगावचं स्थळ

पिंप्राळा, जळगाव
मंगळवार

आदरणीय मंदाआत्या,

सविनय जयभीम. इकडे सगळे ठीक. आबांचा गुडघा आणि आबांचा स्वभाव, दोन्ही जसेच्या तसे आहेत. तुझं बीपी काय म्हणतं? धुळ्याच्या डॉक्टरांनी बंद केलेली शेवभाजी तू हल्ली कुणाच्या घरी जाऊन खातेस तेही कळव, म्हणजे आबांना काय सांगायचं ते मला ठरवता येईल. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण तुझा फोन घरात जो जवळ असेल तो उचलतो आणि आधी स्पीकरवर टाकतो. हे पत्र कृपा करून एकटीनं वाच.

तू सुचवलेल्या स्थळाबद्दल हो की नाही ते विचारलं आहेस. रविवारी वरणगावची मंडळी मला बघायला यायची आहेत, त्याआधी सांग म्हणतेस. (तुझ्याच शब्दांत, "पोऱ्या भलता हुशार शे, बठ्ठं कम्प्युटर त्याले येस.") आत्या, माझं उत्तर नाही असं आहे. फोटो बघून नाही म्हणत नाहीये; फोटोत तो बरा दिसतो, कान जरा जास्तच ऐकणारे वाटतात एवढंच. मी त्याचं काम वाचून नाही म्हणते आहे. बायोडाटावर जे नाव आहे, संघपाल सुरवाडे, तेच नाव मी कित्येक दिवस ज्या फाइलशी डोकं फोडून घेते आहे तिच्या पहिल्याच ओळीत आहे. योगायोग म्हणावा तर ईमेलसुद्धा तोच.

तुला नीट सांगते. आमची कंपनी रावेरच्या केळीच्या पॅकिंग हाउसना वजनकाटे पुरवते. प्रत्येक काट्याला एक छोटा कम्प्युटर जोडलेला असतो, त्यात लिनक्स असतं, आणि लिनक्सचं बोलणं काट्याला कळावं म्हणून मध्ये जो दुभाष्या लागतो त्याला ड्रायव्हर म्हणतात. हा दुभाष्या तुझ्या हुशार पोऱ्यानं पुण्यात एसीत बसून लिहिला आणि जगाला फुकट वाटला. फुकट म्हटल्यावर आमच्या प्रेमराज सरांनी तो डोळे मिटून घेतला. (सर आमच्या कंपनीचे मालक आहेत. फुकट मिळालं तर ते तापसुद्धा घेतील.)

आता काट्याला एकाच वेळी दोघांनी वजन विचारलं तर एकाची केळी दुसऱ्याच्या नावावर जायची, म्हणून आत एक लॉक असतं. वजन वाचायला जो आत जाईल त्यानं आतून कडी लावायची, काम झालं की कडी काढून बाहेर यायचं. एवढं सोपं आहे. संघपालराव कडी अगदी शिस्तीत लावतात. वजन नीट आलं तर काढतातही. पण आत काही चुकलं, की हे गृहस्थ कडी तशीच ठेवून खिडकीतून पसार! बाहेर रांग लागते, येईल तो दारात उभा राहतो, पडदा गोठतो, बटणं दाबून लोकांची बोटं दुखतात आणि ट्रक जागेवरून हलत नाही. सगळं सुरळीत असताना शहाणा आणि अडचण आली की खिडकीतून बाहेर, अशा माणसाबरोबर संसार कसा करायचा ते तूच सांग. गॅस संपला की हा कुठल्या खिडकीतून जाईल?

आमच्या ऑफिसातले वीर काही कमी नाहीत. प्रेमराज सरांनी 'काटा अडकल्यास मेन स्विच बंद करून चालू करावा' असा कागद लॅमिनेट करून प्रत्येक काट्यावर चिकटवला आणि प्रश्न सुटला असं जाहीर केलं. मग नवीन नावाचा एक विद्वान पुढे आला. त्यानं लॉकच काढून टाकलं. अडकणं थांबलं हे खरं, पण रिकाम्या क्रेटचं वजन भरलेल्या क्रेटएवढं यायला लागलं. शेतकरी खूश, नवीन खूश, फक्त भाईदास नावाचे व्यापारी फोनवर जे बोलले ते मी इथे लिहीत नाही. लॉक परत घातलं गेलं, आणि काटा परत अडकायला लागला.

गंमत म्हणजे ऑफिसात तो कधीच अडकत नव्हता. म्हणून मी स्वतः रावेरला गेले. तिथे पाहिलं ते असं, की पहिलं क्रेट चढण्याआधी माणसं चढतात. केळीवाले झिपरूआबा आणि हे भाईदास, दोघांचा एकमेकांवर विश्वास नाही आणि काट्यावर तर नाहीच. एकटा चढला तर दुसऱ्याला वाटतं, हा एक पाय हळूच जमिनीला टेकवून वजन चोरतो आहे. म्हणून दोघं एकदम चढतात, एकमेकांची मनगटं घट्ट धरून, आणि अख्खं पॅकिंग हाउस काम टाकून बघत उभं राहतं. मी तोंड उघडं टाकून बघते आहे हे पाहून झिपरूआबा म्हणाले, "बाई, मले माह्यं वजन माहीत हाये. काट्याले माहीत हाये का, ते पाहू रायलो." एका क्रेटसाठी बनवलेला काटा, त्यावर ही दोन भरलेली माणसं! मर्यादा ओलांडली, ड्रायव्हर बिथरला, कडी लावलेली आणि खिडकी उघडी. खाली उतरून दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं, की काटा खोटा आहे. पुण्यात हे लोक चकचकीत पितळी वजनं ठेवून तपासणी करतात. काट्यावर आधी माणसं चढतात हे त्यांना कोण सांगणार?

आल्यावर मी दुरुस्ती केली. काही चुकलं की बाहेर पडायच्या सगळ्या वाटा एकाच दाराशी आणल्या आणि दारात कडी काढली. ती दुरुस्ती, रावेरला काटा कसा अडकतो त्या साग्रसंगीत वर्णनासकट, जगभरचे लोक वाचतात त्या मेल-यादीवर पाठवली. सोबतचं इंग्रजी सभ्य होतं, पण त्याचा अर्थ असा, की हे लिहिणाऱ्याला दार ही वस्तू माहीत नसावी. तेव्हा आत्या, रविवार रद्द समज आणि त्यांना तुझ्या पद्धतीनं गोड शब्दांत कळव. मोठ्यांना जयभीम, लहानांना पापा.

तुझी,
मृणाली

ता. क. पत्र पाकिटात घालत होते तेवढ्यात त्याचं उत्तर आलं. त्याच यादीवर, सगळ्या जगासमोर लिहिलं आहे, की चूक माझी आहे, ती या बाईंनी शोधली आणि त्यांचं म्हणणं बरोबर आहे. आत्या, आपल्या खानदानात एका तरी पुरुषानं 'चूक माझी' असं चार लोकांत म्हटलेलं तू ऐकलंस का? आबांचा चष्मा कपाळावर असतो तेव्हासुद्धा तो आईनंच हरवलेला असतो. शेवटी त्यानं विचारलं आहे, ते दोघं खरंच हात धरून चढतात का. मला हसू आलं.

ता. क. दुसरं. त्यानं मला एकटीला वेगळा मेल पाठवला आहे. माझ्याच दुरुस्तीत एक वाट राहिली होती. वजन चालू असताना कुणी केबल उपटली तर कडी तशीच राहत होती. मी त्याला जे बोलले होते त्यानंतर त्याला हे सगळ्यांसमोर सांगता आलं असतं. त्यानं सांगितलं नाही. मला खूप लाज वाटली, आणि मग बराच वेळ फार बरं वाटत राहिलं.

ता. क. तिसरं, आणि खरं काम हे. इतके दिवस जेवताना मी या मुलाचा जो उद्धार करत होते तो आबा मुकाट्यानं ऐकत होते. आज दुपारी त्यांनी मला न विचारता वरणगावला फोन करून सांगून टाकलं, की मुलीनं मुलाची पूर्ण चौकशी केली आहे आणि तो तिला नापसंत आहे. आता तूच निस्तर. कसंही कर, पण रविवारी ते आले पाहिजेत. त्यांना सांग, चूक आबांची आहे. मी काही बोलले होते, असं मात्र कुठेही येऊ देऊ नकोस.